भोंगा वाजला, पण ऐकू कोणाला आला?

भोंगा हा शब्द कोकणातल्या घरांना नवा नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतला कर्ता पुरुष मुंबईच्या कापड गिरणीत कामाला असे आणि त्याचा दिवस गिरणीच्या भोंग्याने सुरू होई. भोंगा वाजला की काय करायचे हे त्याला कोणी सांगावे लागत नसे. या सोयीमागे चार गोष्टी होत्या. कामगारांची वस्ती गिरणीच्या आसपास होती, म्हणून आवाज पोहोचत होता. भोंगा रोज वाजत असल्यामुळे तो बिघडला तर त्याच दिवशी कळत होते. त्याला चालवणारा माणूस ठरलेला होता. आणि त्याचा अर्थ एकच होता.

आता गिरण्या गेल्या, पण भोंगे गेले नाहीत. धरणातून पाणी सोडण्याआधी, रासायनिक कारखान्यात अपघात झाल्यावर, नदीने धोक्याची पातळी ओलांडल्यावर किंवा वादळाच्या वेळी लोकांना सावध करण्यासाठी ते बसवले जातात. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला. त्यासाठी निवडलेल्या ठिकाणांच्या यादीत रत्नागिरी जिल्ह्याचे नाव होते. या सरावाच्या निमित्ताने अनेक शहरांत जुने भोंगे बंद पडलेले असल्याचे लोकांच्या लक्षात आले.

बंद पडलेला भोंगा निदान ओळखता तरी येतो. त्याहून फसवा असतो तो चुकीच्या जागी, चुकीच्या उंचीवर किंवा चुकीच्या समजुतीने बसवलेला भोंगा. तो वाजतो, कागदावर 'सुस्थितीत' अशी नोंद होते, आणि ज्यांच्यासाठी तो बसवला त्यांना ऐकूच येत नाही. असे का होते, हे समजण्यासाठी लागणारे सारे विज्ञान आठवी-नववीच्या ध्वनीच्या धड्यात आहे. म्हणून हा विषय शिक्षकांनी वर्गात घ्यावा असा आहे.

भोंग्यातून आवाज कसा निघतो?

फ्रेंच शास्त्रज्ञ कान्यार द ला तूर यांनी १८१९ मध्ये एक साधे उपकरण तयार केले. एका तबकडीवर वर्तुळाकार समान अंतरावर भोके पाडायची, तबकडी फिरवायची आणि भोकांवर हवेचा झोत सोडायचा. भोक समोर आले की हवा निसटते, भोक सरकले की अडते. हवेला असे धक्के बसत गेले की ध्वनी निर्माण होतो. हे उपकरण पाण्याखालीही वाजत असे, म्हणून त्यांनी त्याला ग्रीक पुराणातल्या समुद्रकन्यांचे, म्हणजे 'सायरेन' यांचे नाव दिले.

या उपकरणाचे गणित सोपे आहे. तबकडीला १२ भोके असतील आणि ती सेकंदाला ४० वेळा फिरत असेल, तर दर सेकंदाला १२ × ४० = ४८० धक्के बसतील. म्हणजे ध्वनीची वारंवारता ४८० हर्ट्झ. विजेच्या मोटारीवर चालणारा भोंगा याच तत्त्वावर चालतो. मोटार सुरू होताना वेग हळूहळू वाढतो म्हणून आवाज खालून वर चढत जातो, आणि वीज तोडली की उतरत जातो. मोटार आळीपाळीने चालू-बंद केली की धोक्याचा तो ओळखीचा चढउताराचा सूर मिळतो. आपल्याकडील नागरी संरक्षणाच्या संकेतात चढउताराचा आवाज म्हणजे धोका आणि एकसारखा सलग आवाज म्हणजे धोका टळला. अलीकडे मोटारीऐवजी ध्वनिवर्धक आणि कर्णे वापरणारे इलेक्ट्रॉनिक भोंगेही बसवले जातात. त्यांतून सूर आणि शब्द दोन्ही सोडता येतात.

वर्गात हे दाखवण्यासाठी जाड पुठ्ठ्याची तबकडी, भोके पाडायला पंच आणि फुंकायला एक नळी एवढे पुरते. तबकडी फिरवून नळीने फुंकावे आणि वेग वाढवला की सूर कसा चढतो ते मुलांनी ऐकावे.

अंतर दुप्पट, आवाज किती?

भोंगा विकत घेताना एक आकडा सांगितला जातो: '३० मीटरवर १२० डेसिबल'. हा आकडा ऐकून समोरचा माणूस प्रभावित होतो. पण त्याचा अर्थ नीट लावायला हवा.

डेसिबल ही साधी बेरजेची पट्टी नाही. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता १० पट वाढली, २० वाढले म्हणजे १०० पट. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. १२० डेसिबलच्या आसपास कानाला वेदना होऊ लागतात.

ध्वनी सर्व दिशांना पसरतो. अंतर दुप्पट झाले की तीच ऊर्जा चौपट क्षेत्रावर विभागली जाते, म्हणून तीव्रता चौथाई होते. डेसिबलमध्ये ही घट सुमारे ६ ची. पण हे झाले मोकळ्या आकाशात. प्रत्यक्षात गवत, झाडे, घरे, जमीन आणि हवा ही सारी ध्वनी शोषतात किंवा अडवतात. म्हणून भोंग्यांची आखणी करताना दर दुप्पट अंतराला सुमारे १० डेसिबल घट धरण्याचा प्रघात आहे. तसा हिशेब केला तर:

३० मीटरवर १२० डेसिबल
६० मीटरवर ११०
१२० मीटरवर १००
२४० मीटरवर ९०
४८० मीटरवर ८०
९६० मीटरवर ७०

परिसरातल्या नेहमीच्या आवाजापेक्षा भोंगा सुमारे १० डेसिबल मोठा असेल तरच तो लक्ष वेधून घेतो. शांत गावात बाहेरचा आवाज ५० ते ६० डेसिबलच्या दरम्यान धरला, तर ७० डेसिबल पुरेसे वाटतात. म्हणून कागदावर लिहिले जाते: 'भोंग्याचा पल्ला एक किलोमीटर'.

आता हाच भोंगा आषाढातल्या रात्री वाजवून पाहू. माणसे घरात आहेत, दारे-खिडक्या बंद आहेत. चिऱ्याच्या भिंती आणि बंद खिडक्या मिळून बाहेरचा आवाज सुमारे २० डेसिबलने कमी करतात असे धरू. घरावर पत्रे असतील आणि पाऊस कोसळत असेल, तर घरातला आवाज सहज ६० डेसिबलच्या वर जातो. पत्र्याच्या वर्गात शिकवणाऱ्या कोकणातल्या शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. अशा वेळी फळ्याजवळचे बोलणे मागच्या बाकापर्यंत जात नाही. म्हणजे घरात निदान ७० डेसिबल पोहोचायला हवेत, म्हणजेच घराबाहेर ९० हवेत. वरच्या यादीत ९० डेसिबल किती अंतरावर आहेत? २४० मीटरवर.

एक किलोमीटरचा पल्ला सुमारे पाव किलोमीटरवर आला. त्रिज्या चौथाई झाली म्हणजे क्षेत्रफळ सोळावा हिस्सा झाले. ज्या वस्तीसाठी एक भोंगा पुरेल असे वाटले होते, त्या वस्तीला त्या रात्री सोळा लागतील. भोंग्यात बिघाड काहीच नाही. बिघाड आहे तो पल्ला कोरड्या, शांत दिवशी ठरवण्यात.

उंच जागा म्हणजे योग्य जागा नव्हे

भोंगा कुठे लावावा असे विचारले की बहुतेक जण सांगतील, 'सर्वांत उंच जागी.' हे अर्धेच खरे आहे. भोंगा आजूबाजूच्या छपरांच्या वर, साधारण १२ ते १५ मीटर उंच खांबावर असावा हे बरोबर. गच्चीच्या कठड्याआड लावलेला भोंगा स्वतःच्याच इमारतीची भिंत घुमवत राहतो. शाळेच्या मैदानालगत, डोक्याइतक्या उंचीवर लावलेला भोंगा तर जवळच्या मुलांच्या कानांना अपाय करू शकतो.

पण कोकणातली उंच जागा म्हणजे सडा. सड्याच्या मध्यावर भोंगा उभारला तर सड्यावर तो उत्तम ऐकू येईल, मात्र कड्याखाली खाडीच्या काठाला असलेली घरे कड्याच्या आडोशाला जातात. प्रकाशाला जशी सावली पडते, तशीच ध्वनीलाही पडते. फरक एवढाच की ध्वनीची तरंगलांबी मोठी असल्यामुळे तो लहान अडथळ्यांना वळसा घालतो. ४८० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ३४० ÷ ४८०, म्हणजे सुमारे ७० सेंटिमीटर. शिट्टीच्या ४००० हर्ट्झच्या आवाजाची अवघी साडेआठ सेंटिमीटर. म्हणून भोंग्याचा जाड सूर घराच्या कोपऱ्यावरून जितका वळतो तितका शिट्टीचा तीक्ष्ण सूर वळत नाही. तरीही पन्नास मीटर उंचीच्या कड्यापुढे ७० सेंटिमीटरची लाट लहानच. आणि पुराचे पाणी येते ते कड्याखालीच. रत्नागिरीजवळ काजळी नदीच्या काठी चांदेराईची बाजारपेठ आहे. अशा नदीकाठच्या पेठेसाठी भोंग्याची जागा नकाशावरचा सर्वांत उंच बिंदू पाहून नव्हे, तर पेठेतून काय दिसते ते पाहून ठरवावी लागते. ढोबळ नियम असा: जिथून भोंगा डोळ्यांना दिसतो, तिथे तो ऐकू येण्याची शक्यता चांगली.

यात वाऱ्याची भर पडते. जमिनीलगत वारा मंद असतो, वर जोरात असतो. वाऱ्याच्या विरुद्ध जाणाऱ्या ध्वनीचा वरचा भाग खालच्या भागापेक्षा जास्त मागे खेचला जातो, त्यामुळे लाट वरच्या बाजूला कलते आणि लोकांच्या डोक्यावरून निघून जाते. वाऱ्याबरोबर जाणारा ध्वनी उलट जमिनीकडे वाकतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा समुद्राकडून येतो. म्हणून किनाऱ्यावरचा भोंगा आतल्या वस्तीला चांगला ऐकू येईल, पण गावात मागे बसवलेला भोंगा मिरकरवाड्यासारख्या बंदरावरच्या माणसाला ऐकू येईलच असे नाही.

तापमानाचाही असाच परिणाम होतो. ऊब वाढली की हवेतला ध्वनीचा वेग वाढतो, दर अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने. भर दुपारी तापलेल्या जमिनीलगतची हवा जास्त उष्ण, त्यामुळे लाटेचा खालचा भाग पुढे धावतो आणि लाट वर वळते. निरभ्र थंड रात्री याच्या उलट घडते. म्हणून पहाटे दूरच्या देवळातली घंटा जवळ वाजल्यासारखी वाटते. यावरून एक गोष्ट ठरते. मे महिन्यातल्या दुपारी घेतलेली भोंग्याची चाचणी जुलैच्या रात्रीबद्दल फारसे सांगत नाही.

बोलणारा भोंगा

इलेक्ट्रॉनिक भोंग्यातून 'नदीकाठच्या लोकांनी सुरक्षित जागी जावे' असे सांगता येते, मग प्रश्न सुटला असे वाटते. पण जत्रेत दोन टोकांना लावलेल्या कर्ण्यांमधून एकच घोषणा ऐकण्याचा अनुभव आठवावा. एक कर्णा श्रोत्यापासून १०० मीटरवर आणि दुसरा ४४० मीटरवर असेल, तर दुसऱ्याचा आवाज एक सेकंद उशिरा येतो. एका सेकंदात आपण चार-पाच अक्षरे बोलतो. म्हणजे 'सुरक्षित' हा शब्द संपता संपता मागून त्याच शब्दाची सुरुवात येते आणि दोन्हींचा गलबला होतो. समोर डोंगराची भिंत असेल तर एकाच कर्ण्याचा प्रतिध्वनीही हाच गोंधळ करतो. सूर मात्र एकमेकांत मिसळले तरी ओळखू येतात. म्हणून शब्द जवळच्यांसाठी आणि सूर दूरच्यांसाठी अशी विभागणी करणे शहाणपणाचे.

वीज, मीठ आणि कुंभारमाशी

ज्या वेळी भोंगा लागतो, नेमक्या त्याच वेळी वीज जाते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. अतिवृष्टी चालू होती, पौर्णिमा दोन दिवसांवर असल्यामुळे भरती मोठी होती, आणि कोयना प्रकल्पाचे वीजनिर्मितीनंतरचे पाणी ज्या कोळकेवाडी धरणातून वाशिष्ठीत येते, त्याचाही प्रश्न होता. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याच्या दिशेने चढले. वीज गेली, मोबाइलचे जाळे कोलमडले. अशा वेळी घरगुती विजेवर अवलंबून असलेला कोणताही भोंगा मुका होतो. बॅटरी असलेल्या भोंग्यातही बॅटरीची पेटी हाताशी हवी म्हणून खांबाच्या तळाशी ठेवली, तर पूर पहिल्यांदा तिलाच गाठतो. पेटी मागच्या मोठ्या पुराच्या खुणेपेक्षा वर हवी, हा नियम चिपळूणसारख्या गावाला पूर स्वतःच भिंतीवर लिहून देतो.

समुद्राजवळ खारी हवा तांब्याच्या जोडांवर हिरवा थर चढवते आणि लोखंडी खिळे-पट्ट्या पोखरते. कर्ण्याच्या तोंडात कुंभारमाशी मातीचे घर बांधते, पक्षी काड्या भरतात. वर्षभर न वाजलेल्या भोंग्यात यांपैकी काय झाले आहे ते खालून दिसत नाही. त्यावर उपाय एकच, तो नियमाने वाजवून पाहणे. फ्रान्समध्ये दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी भोंगे वाजवून पाहतात. स्वित्झर्लंडमध्ये वर्षातून एकदा, फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी देशभर चाचणी होते. आपल्याकडे सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. हेतू मुलांच्या अभ्यासाचा, पण रोज वाजणारा भोंगा नादुरुस्त राहू शकत नाही, हा त्याचा आपोआप मिळणारा फायदा आहे.

आवाज पोहोचला, अर्थ पोहोचला का?

समजा, सगळे जमले. भोंगा योग्य जागी आहे, वीज आहे, आवाज घराघरात पोहोचला. आता घरातला माणूस काय करील?

भोपाळमध्ये २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. तो पुन्हा वाजला तेव्हा वायू वस्तीत पसरलेला होता. कारखान्याचे भोंगे तिथे एरवीही वाजत असत, त्यामुळे या आवाजाचा वेगळा अर्थ लोकांना ठाऊक नव्हता.

अमेरिकेतल्या जॉपलिन शहरात २२ मे २०११ रोजी चक्रीवात येण्याआधी भोंगे वाजले होते, एकदा नव्हे, दोनदा. पण तिथे भोंगे वारंवार वाजत असत आणि बहुतेक वेळा काही घडत नसे. 'लांडगा आला रे' या गोष्टीतल्यासारखे झाले. अनेकांनी आवाज ऐकूनही दुसरी काही खूण दिसेपर्यंत वाट पाहिली. सुमारे १६० माणसे मृत्युमुखी पडली.

हवाई बेटांवर याच्या उलट घडले. ८ ऑगस्ट २०२३ रोजी लाहायना गाव वणव्यात जळाले आणि सुमारे शंभर माणसे दगावली. तिथे भोंग्यांची मोठी यंत्रणा होती, पण ती वाजवलीच नाही. संबंधित अधिकाऱ्याने दिलेले कारण असे, की तिथल्या लोकांना भोंगा म्हणजे त्सुनामी हेच माहीत. भोंगा ऐकून ते डोंगराच्या दिशेने, म्हणजे आगीच्याच दिशेने गेले असते. हे कारण योग्य होते की नाही यावर वाद झाला. पण त्यातून दिसणारी अडचण खरी आहे. एकाच आवाजाला दोन अर्थ असले की वाजवणारा आणि ऐकणारा दोघेही अडकतात.

ही अडचण रत्नागिरी जिल्ह्यालाही लागू आहे. नदीला पूर आला तर उंचावर जायचे. वायुगळती झाली तर कदाचित घरात शिरून दारे-खिडक्या बंद करायच्या, किंवा वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जायचे. लोटे-परशुरामला रासायनिक कारखाने आहेत आणि शेजारीच नद्याही आहेत. १२ डिसेंबर २०२४ रोजी जयगड परिसरात वायूच्या गळतीने शाळेतल्या अनेक मुलांना त्रास झाला आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. उद्या अशा गावात एक भोंगा बसवला आणि तो वाजला, तर शिक्षकाने मुलांना वर्गाबाहेर काढायचे की वर्गात ठेवायचे? याचे उत्तर भोंगा देत नाही. ते आधी ठरवून, सांगून, भिंतीवर लावून ठेवावे लागते.

भोंग्याच्या आधी आपल्याकडे दवंडी होती. दवंडीवाला डफ वाजवीत आळीआळीतून फिरे. आधी डफ, मग शब्द. डफाने माणूस दारात येई आणि शब्दांनी त्याला काम कळे. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर दवंडीवाला हा चालता ध्वनिस्रोत होता, त्यामुळे अंतराचा प्रश्नच येत नसे. कमी ऐकू येणाऱ्या म्हातारीच्या दाराशी तो थांबूही शकत असे. त्याची उणीव एकच, वेळ लागे. भोंगा ही उणीव काही सेकंदांत भरून काढतो, पण तो फक्त डफाचे काम करतो. शब्दांचे काम उरतेच.

भोंगा कोण वाजवणार?

आणखी एक दुवा राहिला. भोंगा आपणहून वाजत नाही. कोणीतरी धोका पाहावा लागतो, दुसऱ्याला कळवावा लागतो, आणि कळ दाबण्याचा अधिकार असलेला माणूस जागा असावा लागतो. चिपळूणला वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोका पातळी ७ मीटर मानली जाते. या दोन आकड्यांमधले २ मीटर म्हणजेच लोकांना हलायला मिळणारा वेळ. पाणी तासाला अर्धा मीटर चढत असेल तर हा वेळ चार तासांचा, आणि दोन मीटर चढत असेल तर अवघ्या एका तासाचा. त्यातली वीस-पंचवीस मिनिटे परवानगी विचारण्यात गेली तर काय उरते, हे गणित मुलांना घालण्यासारखे आहे.

काही वेळा हा वेळच नसतो. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि खालच्या भेंदवाडीतली घरे माणसांसह वाहून गेली. वीसच्या आसपास माणसे दगावली. धरणाला गळती असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती. अशा ठिकाणी खरा इशारा म्हणजे ती गळती होती, आणि तो ऐकण्याची वेळ धरण फुटण्याच्या कितीतरी आधीची होती.

सहलीला मुले नेणाऱ्या शिक्षकांनी आणखी एक घटना लक्षात ठेवावी. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात लारजी प्रकल्पातून सोडलेले पाणी बियास नदीत आले आणि पात्रात उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. पाण्याचा इशारा त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचला नव्हता. खडकांवरून वाहणाऱ्या नदीचा स्वतःचाच आवाज मोठा असतो आणि पात्रात उभ्या असलेल्या माणसाला दूरचा भोंगा ऐकू येईल यावर विसंबता येत नाही. धरणाखालच्या पात्रात मुलांना उतरू द्यायचे नाही, हा नियम भोंग्यापेक्षा भरवशाचा.

शाळेने काय करावे?

पुढील उपक्रम एका वर्गाला आठवडाभरात करता येईल.

गावाचा किंवा प्रभागाचा नकाशा घेऊन त्यावर सारख्या मापाचे चौकोन आखावेत. भोंग्याची जागा खुणेने दाखवावी. नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला पत्र लिहून चाचणीची वेळ आधी ठरवून घ्यावी. प्रत्येक चौकोनात राहणाऱ्या मुलाने त्या वेळी आपल्या घरी थांबून चार गोष्टी लिहाव्यात: अंगणात ऐकू आला का, दारे लावून घरात ऐकू आला का, आवाज कोणत्या दिशेने आला असे वाटले, आणि त्या वेळी पाऊस, वारा व इतर आवाज काय होते.

वेळ आधी ठरवण्याचे कारण महत्त्वाचे आहे. ज्याला भोंगा ऐकू आला नाही, त्याला तो वाजला हेच कळत नाही, म्हणून तो तक्रारही करत नाही. चाचणीनंतर 'कोणाची तक्रार आली नाही' असे म्हणणे म्हणूनच निरर्थक आहे. या उपक्रमात 'नाही' ही नोंद सर्वांत मोलाची आहे. ती मुलांनी रिकामी सोडू नये, ठळक लिहावी.

नोंदी जमल्या की चौकोन रंगवावेत: अंगणात व घरात ऐकू आला, फक्त अंगणात आला, कुठेच आला नाही. मग त्याच नकाशावर टेकड्या, नदी, दाट झाडी आणि उंच इमारती दाखवाव्यात. ध्वनिछाया कुठे पडली ते मुले स्वतः शोधतील. मोबाइलमधला आवाज मोजणारा कार्यक्रम वापरायचा असेल तर सर्व जागी एकच मोबाइल वापरावा आणि त्याचे आकडे फक्त तुलनेसाठी धरावेत. शक्य झाल्यास हीच चाचणी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसात करावी. दोन नकाशे शेजारी ठेवले की वर केलेला सोळाव्या हिश्श्याचा हिशेब आपल्या गावात कितपत खरा ठरतो ते दिसेल.

शेवटी नकाशाची एक प्रत पत्रासह ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला द्यावी, आणि पत्रात दोनच प्रश्न विचारावेत. न रंगलेल्या चौकोनांतल्या घरांना इशारा कोण आणि कसा देणार? आणि भोंगा वाजल्यावर शाळेने मुलांना नेमके कुठे न्यायचे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले की ते मोठ्या अक्षरात प्रत्येक वर्गाच्या दारामागे लावावे. जूनमध्ये शाळा भरतात तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो. हे काम त्या आधी उरकले तर बरे.